नववी पट्टी

न्हाणीघराच्या दाराच्या फटीत जुनी चादर कोंबून
मी दिवा मालवते.
अंधारात बोटं रोल उलगडतात, चकरीत भरतात.
डबीचं झाकण घट्ट बसलं की मग उजेड,
मग तराजू.

विकतचं रसायन मोन्तेविदेओहून यायचं,
बसच्या पोटातून, दोन आठवड्यांनी,
आणि पगाराचा चांगलाच लचका तोडून.
येर्बाला मात्र साल्तोत काय तोटा?
ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास, मुठीत भोपळ्याचा पेला,
आणि दिवसभर ओढून चव गेलेला हिरवा चोथा
झाडांच्या बुडाशी.
मी तो मागायला गेले तेव्हा
समोरचे इसाबेलीनो हसले होते,
"चोथ्यात काय उरलंय, नेल्बा?
होतं नव्हतं ते मीच ओढून घेतलं."
खरंच होतं ते. पहिली पट्टी
काचेसारखी कोरी निघाली.

मग ताजी येर्बा, चाळीस ग्रॅम, उकळून गाळलेली.
धुण्याचा सोडा, हाताच्या अंदाजानं नव्हे, मोजून.
आणि मी काम करते त्या औषधांच्या दुकानातल्या
क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, खलात कुटून.
संत्र्यांच्या या गावात
संत्र्याच्या चवीच्याच गोळ्या शिल्लक होत्या.
वास असा सुटला
की मांजर दोन दिवस घरी फिरकलं नाही.

प्रयोगाला सगळं तेच लागतं,
नाहीतर खोट कुणाची ते कळत नाही.
म्हणून तोच माणूस, तीच वेताची खुर्ची,
रविवारचं चारचं ऊन.
"मी काय तुझा उंदीर?" असं म्हणत
इसाबेलीनो शर्टाचं वरचं बटण लावायचे
आणि बसायचे.

वहीत आहे सगळं:
तीन. फिकी. सोडा कमी.
चार. बारा मिनिटं. माणूस आला, खुर्ची नाही आली.
सहा. पाणी कोमट झालं. कपाळाला भिंतीसारखे पोपडे.
सात. फोन वाजला, डबी हलवायची राहिली. आभाळात पट्टे.
नऊ. सोडा ओल धरलेला. धुकंच धुकं. वाया.

तेरावी साधली.
मिशीतला केस न केस,
उसवलेल्या काजाची शिवण,
मागच्या भिंतीवर कुठल्याशा निवडणुकीचं
अर्धं पुसलेलं अक्षर.
ओली प्रिंट तशीच हातात,
बाकीच्या सगळ्या पाकिटात कोंबून
मी रस्ता ओलांडला.

त्यांनी ती नाकाशी धरली. मग लांब धरली.
पुन्हा नाकाशी.
"हा कोण? माझ्या बापासारखा दिसतोय.
आणि बापाचं आणि माझं कधी पटलं नाही."

मग पाकीट टेबलावर उपडं करून
चाचपत चाचपत त्यांनी नववी ओढली.
करडी, कडांना तपकिरी,
चेहरा म्हणजे दुधात बुडालेला अंगठा.
"ही बघ, ही बरोबर धुतलीस.
रस्ता असाच तर आहे.
तूसुद्धा आत्ता अशीच उभी आहेस."

डोळ्यांत घालायचे थेंब त्यांना मीच देते,
दर महिन्याला, सही घेऊन.
मोतीबिंदू, दोन्हीकडे:
मला ठाऊक होतं.
म्हणजे, चिठ्ठीवर वाचलेलं होतं.

"सप्टेंबरात कापणार आहेत," ते म्हणाले,
"तोवर ही राहू दे भिंतीवर.
ती दुसरी नंतर आण.
बापाशी एकदा बोलायचंच आहे."

रात्री वहीतलं 'वाया' खोडलं.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
तो जुना सोडा तर मी केव्हाच
मोरीत ओतून टाकला होता.

नव्या पुड्याचं तोंड उघडून
आता खिडकीत ठेवलाय,
नदीची ओल लागावी म्हणून.